शाळा पाचला भरते

नंदानगरच्या क्वार्टरला मागून लोखंडी जिना होता,
तेरा पायऱ्या, त्यातली एक हलणारी.
तिथे मी शाळा काढली.
मुलं नव्हती. हजेरीपट मात्र होता:
मिलचं उरलेलं थानबुक, बाबांनी घरी आणलेलं,
रकाने आयतेच आखलेले,
नग, वार, डाग, शेरा.

नावं ठेवायला काय लागतं, असं वाटलं होतं.
पहिल्या दिवशी सहा झाली आणि अडलं.
सुनीता, अनिता, विनिता...
माझी मलाच लाज वाटली.
असल्या मुली एकमेकींची पेन्सिलसुद्धा चोरणार नाहीत.

मग रेशनच्या रांगेत कान उघडे ठेवले.
शब्बीर लोहावाला मिळाला, त्याला दुसऱ्या पायरीवर बसवला.
धापू मिळाली.
धापू हे पुढे बकरीचं नाव निघालं,
पण तोवर तिचे साताचे पाढे झाले होते,
आता नाव कसं काढणार?

आणि एके दिवशी सापडलं हिंदी पेपरचं सहावं पान.
चौकटीत एकेक नाव, कुणाकुणाचा फोटोसुद्धा,
शाळेच्या ओळखपत्रावर असावा तसा, घाबरलेला.
स्व. घीसालाल. स्व. हासोमल.
स्व. गजानन विष्णू मुळ्ये.
स्व. म्हणजे स्वच्छ, मी ठरवून टाकलं,
आंघोळ करून येणारी मुलं.
खाली छापलेलं असायचं: उठावना, शाम पाच बजे.
म्हणजे यांना पाचला उठवतात.
म्हणून माझी शाळा पाचला भरायची.

शिक्षक सोपे गेले.
मोठ्या बाई कालिंदी ढवळीकर,
त्यांना मीही कधी पाहिलं नाही, सदानकदा मीटिंगला.
पीटीचे सर भोंगे,
कारण मिलचा भोंगा वाजायचा थांबला होता
आणि ते नाव नुसतंच पडून होतं.
शिपाई: जागा रिकामी.

बाबा तेव्हा दिवसभर घरीच असायचे.
एका संध्याकाळी बशीतला चहा फुंकत दारात उभे राहिले.
मी फूटपट्टी घेऊन सतराव्या नंबरावर आले होते.
स्व. गजानन, हात पुढे कर.
कठड्यावर पट्टी वाजली.

बाबा खाली आले. थानबुक मागितलं.
बराच वेळ वाचत होते,
जसं कुणी पगाराची पावती वाचतं.
बोट सतरावर थांबलं.
म्हणाले, हा गजू. रिंग खात्यात होता माझ्या शेजारी.
गणित नाही येत त्याला.
पगाराच्या दिवशी नोटा माझ्याकडून मोजून घ्यायचा.
मारू नकोस.

मग त्याला सांगा, मी म्हटलं, घरचा अभ्यास करून ये.
सांगतो, म्हणाले.

स्व. म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही.
खालच्या पायरीकडे बघून विचारलं,
इथं कोण बसतं?
धापू.
सरक गं जरा, धापू.
आणि बसले, गुडघे पोटाशी घेऊन,
वर्गात उशिरा आलेल्या मुलासारखे.

थोड्या वेळाने: शिपायाची जागा आहे का अजून?
आहे, पण खरं नाव चालत नाही.
मग ठेव की एखादं.
मी पेन्सिलीचं टोक चावलं.
दत्ताराम नको, ते तर ह्यांचंच.
भोंगे सरांच्या खाली लिहिलं: रूपचंद.
पगाराचा रकाना नव्हता,
म्हणून शेऱ्यात लिहिलं, पुढच्या महिन्यात.
बाबा वाकून वाचायला आले आणि इतके हसले
की वरच्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकी उघडली.
म्हणाले, भिया, ही तर आपलीच मिल!

दुसऱ्या दिवशी पाचला
त्यांनी पेटीतला मोठा पाना काढला,
तेलाच्या फडक्याने पुसला,
कठड्यावर टण टण सात वेळा मारला
आणि मान वर करून, अगदी शिपायासारखं विचारलं:
बाई, उठले का सगळे?